घरात एकाला सर्दी झाली की ती बाकीच्यांना होऊ नये म्हणून काय करावं

दही, केळं बंद करायचं आणि पदराने पोराचं नाक पुसून त्याच पदराने बाळाचं तोंड टिपायचं, हे मी घरोघरी पाहते. सर्दी दह्याने होत नाही, विषाणूने होते. सर्दीचे विषाणू दोनशेच्या वर आहेत. त्यांतला सगळ्यात जास्त आढळणारा ऱ्हायनोव्हायरस. इंग्लंडात सॉल्सबरीजवळच्या संशोधन केंद्रात १९४६ नंतर स्वयंसेवकांना आंघोळ घालून, ओल्या अंगाने गार वाऱ्यात ठेवून पाहिलं. नुसत्या गारठ्याने कुणालाच सर्दी झाली नाही.

घसा खवखवला त्याच दिवशी सुरुवात करा, पहिले दोन-तीन दिवस संसर्ग सर्वांत जास्त होतो. खिडक्या उघडा. शिंक कोपरात. आजीजवळ बसायचं तर मास्क.

आता हात. इथे मी बरीच वर्षं चुकले. लेकीला ‘हात धू’ म्हणायचे, ती धुवायची, तरी चार दिवसांत सगळं घर शिंकायचं. मग एकदा शेजारी उभी राहून पाहिलं. नाक शिंकरलं, त्याच बोटांनी नळ सोडला, हात स्वच्छ धुतले, तोच नळ धुतलेल्या हातांनी बंद केला आणि बेसिनजवळच्या सगळ्यांच्या नॅपकिनला पुसले! विषाणू हातावर दोनेक तास टिकतो. तो हात नाकाला किंवा डोळ्याला लागला की झालं. म्हणून नळ मनगटाने सोडा, हातांबरोबर नळाच्या चावीलाही साबण लावून धुवा आणि आजाऱ्याचा नॅपकिन वेगळा, लांबच्या खिळ्याला टांगा. बोटांची टोकं आणि अंगठे नीट चोळा, बहुतेक जण नुसते तळवे चोळतात. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने हात धुवा.

खिशातला ओला रुमाल तर मला बघवत नाही. जुन्या सुती साडीचे वीतभर तुकडे करा. एका तुकड्यात एकदाच शिंकरायचं, झाकणाच्या डब्यात टाकायचं, रात्री गरम पाण्यात साबण घालून धुवायचं. लहानग्याचं नाक तुम्ही पुसलंत, तर स्वतःचा डोळा चोळण्याआधी हात धुवा. आयांना सर्दी होते ती इथेच.

रिमोट, मोबाइल, दाराची कडी रोज पुसा.

अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही. धाप लागली, कान ठणकला, ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा तान्ह्या बाळाला ताप आला, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा. आणि मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफ देऊ नका. पातेलं कलंडून पोरं भाजतात.