फ्रेटबोर्डला तेल: लावायचं थोडं, पुसायचं भरपूर

तेलाची बाटली उघडण्याआधी गिटारीचा फ्रेटबोर्ड (मानेवरची, तारांखालची लाकडी पट्टी) कुठल्या लाकडाचा आहे ते बघा. पिवळट-पांढरा आणि वरून चकचकीत असेल तर बहुधा मेपल. त्यावर लॅकरचा, म्हणजे वार्निशसारखा, थर असतो, तेल आत शिरायला वाटच नाही. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा केला की त्याचं काम संपलं. तपकिरी किंवा काळपट असेल आणि नख फिरवल्यावर लाकडाच्या रेषा जाणवत असतील, तर ते उघडं लाकूड. महागड्या गिटारींवर आबनूस, बऱ्याच गिटारींवर शिसवी. क्लासला येणाऱ्या पोरांच्या स्क्वायर आणि एपिफोन कंपन्यांच्या गिटारींवर हल्ली ‘इंडियन लॉरेल’ असतं. तो म्हणजे आपला ऐन, मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, सह्याद्रीत ट्रेकला गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेला. २०१७ साली शिसवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली आणि कंपन्या दुसरी लाकडं शोधू लागल्या. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ऐन टिकला. लाकूड चांगलं आहे, जरा कोरडं दिसतं इतकंच, त्यामुळे तेल लावल्यावरचा फरक यावर सगळ्यात जास्त कळतो.

आता तेल कुठलं? स्वयंपाकघरातलं एकही नाही. खोबरेल पुण्याच्या थंडीत थिजतं आणि पुढे खवट वास मारतं. तीळ, मोहरी, शेंगदाणा यांचा काही महिन्यांत चिकट राप बसतो, त्यावर धूळ. जवसाचं तेल काही कारागीर वापरतात, पण ते वाळून थर धरतं आणि त्यात भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप पेटू शकतात. घरात पोरंबाळं असताना मी तो उद्योग सुचवणार नाही. दुकानात ‘लेमन ऑइल’ म्हणून जी छोटी बाटली मिळते ती बहुतेक वेळा मिनरल ऑइलच असते, वरून लिंबाचा वास. तेच मिनरल ऑइल मेडिकलमध्ये ‘लिक्विड पॅराफिन’ या नावाने स्वस्तात मिळतं. दुकानदार बद्धकोष्ठाची चौकशी करेल, करू द्या. फक्त नुसतं, पाण्यासारखं पारदर्शक मागा. मॅग्नेशिया मिसळलेलं दुधाळ औषध नको.

सगळ्या तारा एकदम काढायला हरकत नाही. मान मोडत नाही, ती भीती सोडून द्या. अपवाद दोनच: ज्या गिटारीचा ब्रिज (तारा खालच्या टोकाला टेकतात तो भाग) फक्त तारांच्या दाबावर उभा असतो ती, आणि तरंगता ट्रेमोलो (दांडी दाबून सूर हलवायची स्प्रिंगवरची यंत्रणा) असलेली. त्यांच्या तारा दोन-तीन करून काढा. अकूस्टिक, म्हणजे विजेशिवाय वाजणाऱ्या, गिटारीच्या ब्रिजमधली पांढरी पट्टी तारा निघाल्यावर सुटून पडू शकते. कुठली बाजू कुठे होती त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मानेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा.

खरं काम इथून पुढे. फ्रेट, म्हणजे धातूची आडवी पट्टी, लाकडात जिथे बसलेली असते तिथे घाम, मेलेली कातडी आणि धूळ यांचं हिरवट-काळं किटण साचतं. पहिल्या तीन फ्रेटवर सर्वांत जास्त, कारण सी आणि जी कॉर्ड वाजवणारे वर्षभर तिथेच मुक्कामाला असतात. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या, त्याची कड फ्रेटला टेकवून तिरकी धरा आणि हलक्या हाताने ओढा. किटणाच्या बारीक सुरळ्या निघतात. कटर, स्क्रू ड्रायव्हर असलं काही लावू नका, फ्रेटच्या कडेची लाकडाची कपची उडते आणि ती परत बसत नाही. उरलेला मळ मऊ टूथब्रशने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, म्हणजे नटकडून (मानेच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) साउंडहोलकडे (गिटारीच्या पोटावरच्या भोकाकडे). फारच चिकट असेल तर फडक्यावर लायटर फ्लुइडचे, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्या इंधनाचे, चार थेंब. खिडकी उघडी ठेवा, उदबत्ती विझवा. स्टील वूलने काम पटकन होतं हे खरं, पण इलेक्ट्रिक गिटारीच्या पिकअपमधले (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागातले) चुंबक तो लोखंडी चुरा ओढून घेतात. वापरायचीच असेल तर पिकअप मास्किंग टेपने पूर्ण झाका.

पुसताना फडकं काळं झालं तर दचकू नका. तपकिरी-राखाडी आणि तेलकट असेल तर तो मळ. पण प्रत्येक नव्या फडक्यावर शाईसारखा काळा डाग येतच राहिला, तर फ्रेटबोर्ड आबनुसासारखा दिसावा म्हणून कंपनीने रंगवलाय आणि तुम्ही रंग काढताय. तिथेच थांबा.

तेल लाकडावर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. जुना सुती बनियन उत्तम. अख्ख्या फ्रेटबोर्डला आठ-दहा थेंब पुरतात. दोन-दोन फ्रेट करत पुढे जा, लाकूड गडद होत जाताना दिसेल. पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा पुसा. शेवटी टिश्यू पेपर दाबून बघा, त्यावर तेलाचा डाग उमटला तर अजून पुसायचंय. फडक्यात उरलेलं तेल अकूस्टिकच्या ब्रिजला लावा; तोही बहुधा उघड्या लाकडाचाच असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तेलाने लाकडाला ओलावा मिळतो असं समजून पोरं दर महिन्याला तेल पाजतात. तसं होत नाही. तेल फक्त आतला ओलावा बाहेर जाण्याचा वेग कमी करतं. एप्रिलमध्ये नागपूरला किंवा सतत एसी असलेल्या खोलीत लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं कडेने बाहेर येऊन हाताला टोचतात. त्यावर इलाज हवेतला, तेलातला नाही: भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती केसमध्ये ठेवा. सुमारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता गिटारीला मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात नेमकं उलट, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि तेलाच्या वाटेला जाऊच नका. तेल लावायचं ते वर्षातून एकदा, फार वाजवत असाल तर दोनदा, तेही तारा बदलायच्या दिवशीच.

नव्या तारा चढवण्याआधी अर्धा तास जाऊ द्या. ताजं तेल राहिलं तर ते जाड तारांच्या वेटोळ्यांत शिरतं आणि त्या पहिल्याच दिवशी बद्द वाजतात.