स्टेनो म्हणजे अरुंद : शॉर्टहँड शिकायला येणाऱ्यांसाठी अनुभवातून थोडं

पुण्यात एमपीएससीची तयारी करता करता स्टेनोचा, म्हणजे शॉर्टहँडचा, क्लास लावायचा विचार करणारी बरीच मुलंमुली भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई स्पीड यायला किती दिवस लागतात? मी सदाशिव पेठेतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शॉर्टहँड शिकले आणि आता सरकारी ऑफिसात लघुलेखक आहे, रोजचं कामच डिक्टेशनचं, म्हणजे समोरचा बोलेल ते खुणांनी उतरवून घ्यायचं, त्यामुळे माझं मत असं झालंय की स्पीडच्या आधी या विद्येच्या नावाकडे नीट बघा. काम कसं करायचं ते नावातच आहे.

स्टेनोग्राफी हा शब्द ग्रीक मुळांपासून बनलाय. स्टेनोस म्हणजे अरुंद, ग्राफेन म्हणजे लिहिणं. म्हणजे अरुंद लिहिणं, जलद लिहिणं नव्हे. जलदसाठी ग्रीकमध्ये टाखिस हा वेगळा शब्द आहे आणि त्यावरून टॅकिग्राफी असं नाव झालं, आखूड या अर्थाच्या ब्राखिसवरून ब्रॅकिग्राफी झालं, इंग्रजीत ही तिन्ही नावं होती. जॉन विलिस याने १६०२ मध्ये लंडनला छापलेल्या पुस्तकाच्या नावात स्टेनोग्राफी वापरलं आणि पुढे जास्त तेच चाललं. आपल्याकडे पण गंमत बघा, हिंदी जाहिरातीत पद असतं आशुलिपिक, आशु म्हणजे वेगवान, आणि मराठी जाहिरातीत असतं लघुलेखक, लघु म्हणजे छोटं. मला मराठी नाव जास्त खरं वाटतं. हात कितीही पळवला तरी साध्या अक्षरात मिनिटाला वीस-पंचवीस, फार तर तीस-पस्तीस शब्द होतात, बोलणारा शंभरच्या वर जातो, ही दरी हात पळवून भरतच नाही, कागदावर उमटणाऱ्या खुणा कमी केल्या तरच भरते.

आणि हे फार जुनं आहे. प्राचीन रोममध्ये सिसेरो नावाच्या मोठ्या वक्त्याचा गुलाम, त्याने नंतर मुक्त केलेला, टायरो नावाचा माणूस होता, खुणांनी लिहायची पद्धत त्याच्याच नावाने ओळखतात. त्यातली 'आणि' या अर्थाची खूण, साधारण इंग्रजी सातच्या आकड्यासारखी, आजही आयर्लंडमधल्या पाट्यांवर दिसते, दोन हजार वर्षं टिकलीये.

आपण क्लासमध्ये इंग्लिशला जी पिटमन पद्धत शिकतो ती आयझॅक पिटमनने १८३७ मध्ये मांडली, आणि त्याच्या पहिल्या पुस्तिकेचं नाव स्टेनोग्राफिक साउंड-हँड असं होतं. नवीन मुलांनी यातला साउंड धरून ठेवावा. स्पेलिंग नाही, आवाज लिहायचा. फोन शब्द फ पासून सुरू होतो, नी म्हणजे गुडघा लिहिताना स्पेलिंगमधला के विसरायचा. मराठी माध्यमातल्या मुलांना हे खरं तर सोपं जातं कारण आपण लहानपणापासून जसं बोलतो साधारण तसंच लिहितो, फक्त इंग्लिश म्हटलं की उगाच स्पेलिंगची भीती डोक्यात बसते.

आता अरुंद म्हणजे किती अरुंद ते सांगते. प ची रेघ बारीक, ब ची तीच रेघ तशीच तिरकी पण जाड. त-ट चा आवाज उभी बारीक रेघ, ड चा उभी जाड. क आडवी बारीक, ग आडवी जाड. स्वर म्हणजे बाजूला ठिपके आणि छोट्या रेघा, पण स्पीड वाढला की ते द्यायला वेळच नसतो, मग शब्द ओळखायचा कसा? जागेवरून. पॅट, पेट आणि पिट तिन्हींची आकृती एकच, प ला जोडलेला ट, पण पॅट वहीच्या ओळीच्या वर लिहायचा, पेट ओळीवर आणि पिट ओळीतून आरपार. स्वर लिहिलाच नाही तरी तो कागदावर आहे! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता आणि अजूनही होतो. म्हणूनच जाड-बारीक आणि जागा या दोन गोष्टी पहिले काही महिने अजिबात सैल सोडू नका. बॉलपेनने जाड रेघ येत नाही, चांगली टोक केलेली पेन्सिल घ्या आणि दाब बोटांना कळू द्या.

आपल्या मोडीचाही विचार याच अंगाने करावासा वाटतो. आधी पानभर शिरोरेघा आखायच्या आणि मग लेखणी शक्यतो न उचलता लिहीत जायचं, ह्रस्व-दीर्घाचा भेद ठेवायचा नाही. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात अशा लिखाणाचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. मोडी म्हणजे शॉर्टहँड नव्हे, अक्षरं पूर्ण असतात, पण कारकुनाची अडचण तीच होती आणि काय गाळलं तरी वाचता येतं हे त्यांनीही शोधून काढलं होतं.

परीक्षेचं थोडक्यात. लघुलेखनाची सरकारी सर्टिफिकेट परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, ऑफिस पुण्यातच आहे. भरतीत साधारणपणे लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणीला १२० शब्द प्रति मिनिट मागतात, सोबत टायपिंग मराठी ३० किंवा इंग्लिश ४०, तरी प्रत्येक जाहिरात स्वतः वाचा. केंद्राच्या एसएससी (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) स्टेनोला डिक्टेशन १० मिनिटांचं, ग्रेड सी ला १०० आणि ग्रेड डी ला ८० चा स्पीड, भाषा इंग्लिश किंवा हिंदी, मराठी चालत नाही. ग्रेड सी चं गणित करा, १० मिनिटांत हजार शब्द घेतले आणि इंग्लिशमध्ये ते कॉम्प्युटरवर उतरवायला ४० मिनिटं मिळतात. म्हणजे घेण्यापेक्षा चौपट वेळ वाचण्याला आणि टाइप करण्याला दिलाय, आणि मार्क जातात ते इथे. क्लासमध्ये बहुतेक मुलं उलटं करतात, डिक्टेशनवर डिक्टेशन घेतात आणि वही मिटतात. असं करू नका. घेतलेलं प्रत्येक डिक्टेशन पूर्ण वाचा, अडलेल्या शब्दाची बरोबर आकृती समासात ओळभर गिरवा, मग तोच उतारा परत घ्या. आणि दोन दिवसांपूर्वीचं पान आज वाचून बघा, तेव्हाचं बोलणं डोक्यातून गेलेलं असतं त्यामुळे खरी परीक्षा तीच, तुम्ही आकृती वाचताय की आठवणीतून बोलताय ते लगेच समजतं.

घरी सरावाला सकाळी आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या उत्तम, स्पीड तुमच्यापेक्षा जास्तच असणार, सगळं पकडायचा हट्ट नको, जेवढी वाक्यं घ्याल तेवढी पूर्ण घ्या आणि वाचता आली पाहिजेत. वर्तमानपत्रातला अग्रलेख घरच्या कोणाकडून घड्याळ लावून वाचून घेतला तरी चालतं, माझी आई वाचायची, तिला सवय झाल्यावर ती ८० चा स्पीड अगदी न हलता धरायची.

अजून एक नेहमी विचारतात ते, आधी मराठी करू का इंग्लिश? राज्य सरकारच्या ऑफिसातच जायचं असेल तर मराठी आधी, कारण तिथे रोजचा पत्रव्यवहार मराठीत चालतो आणि मराठी लघुलेखकाच्या जागा वेगळ्या निघतात. एसएससी करायची असेल तर इंग्लिश. दोन्ही एकदम मात्र सुरू करू नका, एका भाषेत ८० पक्का झाला की मग दुसरी घ्या, तोपर्यंत हाताला आवाज ऐकून रेघ काढायची सवय लागलेली असते आणि दुसरी भाषा पहिलीपेक्षा बरीच लवकर येते.