जबडा टक्-टक् वाजतो? आधी डायरी ठेवा

तोंड उघडताना कानाजवळ टक् वाजतं पण दुखत नाही, तर घाबरू नका राजेहो, असा आवाज लय लोकांचा येतो आणि त्याला ट्रीटमेंट लागतच नाही. दुखणं असलं तरी बऱ्याच जणांचं काही आठवड्या-महिन्यांत कमी होतं, मग टेन्शनमध्ये, परीक्षेत वगैरे परत डोकं वर काढतं.

म्हणून नोंद ठेवा. दर रविवारी आरशासमोर आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का बघा, म्हणजे साधारण 40 मिलिमीटर. टक् आवाज अचानक बंद झाला आणि तोंडही कमी उघडायला लागलं तर बरं झालं समजू नका, जबड्याच्या सांध्यातली गादी पुढे सरकून अडकलेली असू शकते, लवकर दाखवा. वाळू चुरल्यासारखी करकर येत असेल तर झीज असू शकते.

दुखत असताना सावजीचं हाड चघळणं बंद, तर्री-पोहे चालतील (चिवडा बाजूला काढा, जीवावर येतं पण काढा). 15-20 मिनिटं गरम शेक, ओठ मिटलेले पण दात एकमेकांना न टेकलेले, जांभई आली की हनुवटीखाली मूठ. डॉक्टरकडून दात तासून लेव्हल करून घ्यायची घाई नको.

आणि खर्रावाल्यांनो (सुपारी-तंबाखू खाणाऱ्यांनो), तोंड उघडत नाही म्हणजे सांधाच असं नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होते, तो वेगळा आजार, पुढे कॅन्सरही होऊ शकतो. नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारात गव्हर्मेंट डेंटल कॉलेज आहे, तिथे जा न भाऊ.