गटात गोधडीचं काम सुरू करताय? या चुका टाळा

धावदोरा गावात प्रत्येकीला येतो, म्हणून एकल महिलांच्या गटाला गोधडीचं काम द्यायचं आपण पटकन ठरवतो. घोळ होतो तो काम चालवणाऱ्यांच्या हातून, आणि बुडते मात्र शिवणाऱ्या बायकांची मजुरी.

सगळ्यात महागात पडते ती नवं कापड न धुता लावण्याची चूक. आमच्या गटाची पहिली मोठी ऑर्डर २४ गोधड्यांची होती. तारीख जवळ आली म्हणून लाल सुती कापड आणलं तसंच पांढऱ्याशेजारी लावलं. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला. वरचं कापड आटलं, आतले जुन्या साड्यांचे थर आटले नाहीत आणि सगळीकडे चुण्या पडल्या. माल परत आला. दोन महिने टाके घातलेल्या ताईला "पैसे येणार नाहीत" हे मला सांगावं लागलं. ती काहीच बोलली नाही, ते अजून सलतं. तेव्हापासून नवं कापड मी रात्रभर भिजवते, धुऊन सावलीत वाळवते आणि ओलं पांढरं फडकं त्यावर जोरात घासते. रंग लागला तर पुन्हा धुणं. तरीही लागला तर ते कापड पांढऱ्याजवळ नेत नाही. मिठाच्या पाण्यावर विसंबू नका, तयार कापडाचा सुटणारा रंग मिठाने पक्का होत नाही.

दुसरी चूक मजुरीची. किंमत काढताना कापड, दोरा, गाडीभाडं धरतात आणि तास सोडून देतात, "बाई घरीच तर असते" म्हणून. गोधडीला बसली की तिचा खुरपणीचा रोज बुडतो! मी प्रत्येकीचे तास वहीत लिहिते. खुरपणीइतका रोज पडत नसेल तर ऑर्डर घेत नाही. नवखे कार्यकर्ते पहिल्या ऑर्डरसाठी दर पाडतात. तो पुन्हा वर चढवताना नाकी नऊ येतात.

पैसे तिच्याच नावाच्या खात्यात, दिराच्या नाही. शिलाई मशीनची घाई नको, गिऱ्हाईक हाताच्या टाक्याचेच पैसे मोजतं. महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या सरकारी विक्री-प्रदर्शनाच्या एकट्या भरवशावर वर्षभराचा माल शिवून ठेवू नका.

आणि पहिल्याच महिन्यात ऑर्डर नकोच. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा फिरता निधीसुद्धा (गटाला कामासाठी मिळणारी सुरुवातीची रक्कम) गटाने पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, पाळून तीन महिने झाल्याशिवाय मिळत नाही. आमच्याकडे त्या तीन महिन्यांत प्रत्येकीने एक छोटी गोधडी शिवायची, घरी वापरायची, धुवायची आणि बैठकीत सगळ्यांसमोर उलगडून दाखवायची.