आधी टायर, मग रिम

गेल्या महिन्यात भाच्याने सेकंडहँड व्ही-क्रॉस, म्हणजे इसुझूची मागे हौदा असलेली गाडी, घेतली आणि तिसऱ्याच दिवशी मला फोटो पाठवला. गाडीचा नाही, रिमचा. काळी, नऊ इंच रुंद, मडगार्डच्या बाहेर डोकावणारी. खाली एकच ओळ: ‘मावशी, कशी वाटते?’

मी उत्तर लिहिलं नाही, सरळ फोन केला. कारण तसल्याच रिम आठ महिने माझ्याही व्ही-क्रॉसला होत्या, आणि ते आठ महिने मला अजून आठवतात.

माझी नारायणगावजवळ भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, दसऱ्याच्या आधी झेंडू. मोठी ऑर्डर भाड्याच्या पिकअपने जाते. माझ्या गाडीत मी, एक-दोन माणसं आणि मागच्या हौद्यात थोडे ट्रे. रोजचे ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. म्हणजे गाडी शोभेची नाही, पण अगदी मालवाहूही नाही. अशा गाडीला टायर-रिम कसे निवडायचे, ते त्याला फोनवर सांगितलं तसंच इथे लिहिते.

सगळ्यात आधी दुकानात जायचं नाही. एक वही घ्यायची आणि आठवडाभर संध्याकाळी लिहायचं: आज हायवे किती, फुटका डांबरी किती, माती किती. मी हे फार उशिरा केलं. शंभरातले साठ किलोमीटर पुणे-नाशिक रस्त्यावर, तीस खड्ड्यांच्या डांबरीवर आणि जेमतेम दहा शेतात, असा हिशेब निघाला. आणि त्या दहासाठी मी मड-टेरेन, म्हणजे चिखलाचे टायर, घातले होते!

टायर ढोबळमानाने तीन जातींचे. एचटी म्हणजे रस्त्याचा. नक्षी बारीक, आवाज कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली. एमटी म्हणजे चिखलाचा. मोठमोठे गट्टू, मध्ये रुंद मोकळ्या खाचा, चिखल आपोआप बाहेर फेकला जातो. एटी या दोघांच्या मधला. एमटीची गोम अशी, की त्या रुंद खाचांमुळे डांबराला टेकणारं रबर कमी भरतं. कोरड्यात कळत नाही. जुलैत माळशेज उतरताना पुढच्या एसटीने ब्रेक लावला की कळतं. शिवाय आवाज: सत्तरच्या पुढे गाडीत पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं.

वहीत मातीचा आकडा पंचवीस-तीसच्या वर असेल, आणि तीही आपल्या काळ्या मातीसारखी चिकट, तर एमटीचा विचार करा. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर काळ्या रानात एटीसुद्धा दहा पावलांत लाडवासारखा भरतो, हे खरंच. पण तेव्हा मी गाडी बांधावर लावते आणि चालत जाते. दहा-पंधरा दिवसांचा प्रश्न, त्यासाठी वर्षभर गिरणी कोण ऐकणार? सगळं डांबरीच असेल तर एचटी घ्या आणि लाजू नका. बाकी बहुतेकांना एटी पुरतो.

आता आकडे. माझ्या गाडीला कंपनीचा टायर होता २५५/६५ आर१७. २५५ मिमी रुंदी, तिच्या ६५ टक्के बाजूची उंची, १७ इंची रिम. व्यास काढायचा तर २५५ ला ०.६५ ने गुणायचं, दुप्पट करायची, त्यात रिमचे ४३१.८ मिमी मिळवायचे. येतात ७६३ मिमी. याच गाडीच्या पुढच्या मॉडेलला २५५/६० आर१८ आला, त्याचाही व्यास ७६३ च. कंपनीने रिम मोठी केली, पण चाक बाहेरून तेवढंच ठेवलं. यातच बरंच काही आलं.

मी घातले होते २६५/७० आर१७. व्यास ८०३, म्हणजे पाच टक्क्यांनी मोठा. मला वाटलं गाडी चार सेंटिमीटर उंच झाली. कसली होते! उंची वाढते ती व्यासाच्या निम्मी. दोन सेंटिमीटर. त्या दोन सेंटिमीटरच्या बदल्यात पूर्ण वळवलेलं चाक आतल्या प्लास्टिकला घासायला लागलं, पिकअप मंदावला आणि मीटर खोटं बोलू लागलं. काटा ८० वर असताना गाडी ८४ ने पळत असते. ॲव्हरेज पडलं म्हणून मी डिझेलवाल्यावर संशय घेत होते. त्यातले पाच टक्के तर मीटरच कमी मोजत होतं. बिचारा पंपवाला.

आता २६५/६५ आर१७ आहेत. व्यास ७७६, वाढ पावणेदोन टक्के. कुठे घासत नाही, मीटर जवळजवळ खरं. माझा हिशेब असा: दोन टक्क्यांपर्यंत निर्धास्त, तीनच्या पुढे जायचं तर सबळ कारण पाहिजे. ‘भारी दिसतं’ हे कारण नव्हे, असं मी भाच्याला म्हटलं, त्यावर तो हसला.

साइजच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ११२एस. ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो, एस म्हणजे ताशी १८० पर्यंत. हा वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीच घ्यायचा नाही. पण फार वर गेलं तर वेगळंच दुखणं. ‘ताई, दहा प्लायचा घ्या, फुटणारच नाही’ असं एका दुकानदाराने मला सांगितलं होतं. प्लाय म्हणजे टायरच्या आतले थर; आकडा जितका मोठा तितका टायर दणकट. फुटला नाही, खरंच. पण बाजू इतकी कडक, की रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्डा पाठीत बसायचा. एकदा पिंपळवंडीला मिरचीचे ट्रे उतरवले, तर निम्म्या कप्प्यांतलं कोकोपीट उसळून बाहेर आलेलं, रोपं आडवी, पांढरी मुळं उघडी. शेतकरी दादा ट्रेकडे बघत म्हणाले, ‘ताई, रोपं आणली का मिसळ?’ तेव्हापासून माझ्या लेखी कडकपणा ही किंमत आहे. रोज पाठीमागे विटा-सिमेंट असेल तरच मोजावी.

एवढं ठरलं की मग रिमकडे वळायचं. आपल्याकडे सगळे उलट करतात: रिम आवडते, मग तिच्यावर बसेल तो टायर शोधतात.

रिम १७ चीच ठेवा. १८, २० केली की टायरची बाजू तेवढी बारीक होते, आणि फुटक्या रस्त्यावर खड्डा आणि रिम यांच्यामध्ये उशी असते ती त्या बाजूचीच. ती कमी पडली की बाजूला फुगा येतो किंवा रिमला चीर जाते. साधी लोखंडी रिम, जिला डिस्क म्हणतात, वाकते आणि हातोड्याने सरळ होते. अलॉय तडकते. वेल्डिंग करून देणारे भेटतात. मी तसली रिम पुढच्या चाकाला लावणार नाही.

रिमचे पाच आकडे बघायचे. सहा नटांचं वर्तुळ १३९.७ मिमी, हे व्ही-क्रॉस, हायलक्स, फॉर्च्युनर तिन्हींचं सारखं. म्हणून दुकानदार बिनधास्त म्हणतो, ‘बसते की!’ बसते, पण मधलं भोक बघा. व्ही-क्रॉसचं १००.१ मिमी, टोयोटाचं १०६.१. म्हणजे टोयोटाची रिम आपल्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागावर, सहा मिमी सैल. नट आवळून ती बसेल, पण मध्यावर बसेलच असं नाही. मग नव्वदला स्टिअरिंग थरथरतं आणि आपण बॅलन्सिंगवाल्याच्या खेपा घालत राहतो. हब रिंग नावाची कडी मिळते, ती घालून ही फट भरायची, ॲल्युमिनियमची घ्या.

तिसरा आणि चौथा आकडा रुंदी आणि ऑफसेट, आणि खरा घोळ इथेच आहे. रिम हबला जिथे टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती बाहेरच्या बाजूला आहे, तो ऑफसेट. माझ्या मूळ रिमच्या पाठीमागे ७जे आणि ३३ कोरलेलं होतं, म्हणजे रुंदी सात इंच, ऑफसेट ३३ मिमी. त्या काळ्या रिम ९जे, ऑफसेट शून्य. फरक काढा. अर्धी रुंदी २५ मिमीने वाढली, ऑफसेटमध्ये ३३ गेले. चाकाची बाहेरची कड ५८ मिमी बाहेर आली! दिसायला पहिलवान. पण दारं, आरसा, मागची काच, सगळं चिखलाने माखायचं, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसका मारून सुटू बघायचं आणि पुढच्या बेअरिंगवर पडणारा ताण वेगळाच. आताच्या रिम ८जे, ऑफसेट २०. आतली कड जिथल्या तिथे, बाहेरची जेमतेम २६ मिमी पुढे. रोजच्या गाडीला यापुढे जाण्याची गरज मला तरी दिसत नाही.

आकडा कोरलेला नसेल तर दुकानातच मोजा, लाजायचं काय त्यात. रिम तोंडावर पालथी घालायची, खाली पोतं. मागच्या कडांवर आडवी सरळ पट्टी ठेवायची, आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत टेप लावायचा. आलेल्या मापातून रिमची एकूण अर्धी रुंदी वजा केली की ऑफसेट. सात इंची रिम कडांसकट साधारण आठ इंच भरते, म्हणजे अर्धी १०१-१०२ मिमी. टेपवर १३५ च्या आसपास आलं तर ऑफसेट ३३. मी हे करत होते तेव्हा दुकानातला पोरगा चहा घेऊन बाजूला उभा राहिला आणि शेवटी टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं.

पाचवा आकडा म्हणजे रिमवर कोरलेली वजनाची क्षमता, किलोमध्ये. नसेल तर रिम घेऊच नका. आयएसआयची खूण रिमवर आणि टायरवर, दोन्हीकडे शोधा.

आणि नट. माझी फजिती नटांनीच केली. नव्या रिमचे नट खोल भोकात जाणारे, बारीक, त्यांना वेगळी चावी. एका संध्याकाळी आणे घाटात मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. चावी घरी, फ्रिजवरच्या डबीत. भाऊ आळेफाट्यापर्यंत घेऊन आला तेव्हा पुढचं कळलं: स्टेपनी जुन्या लोखंडी डिस्कवर, आणि नवे नट तिच्यात नीट टेकतच नव्हते. काही नट शंकूसारखे बसतात, काही सपाट वॉशरवर. अदलाबदल केली तर आवळल्यासारखे वाटतात आणि वाटेत सैल होतात. त्या रात्री वीसच्या वेगाने घरी आलो. आता जुन्या नटांचा पुडका आणि चावी दोन्ही गाडीतच असतात, सीटखाली.

यावरून आठवलं: टायर चार नाही, पाच घ्या. पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे गरजेपुरती चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर पुढचे-मागचे एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात, नाहीतर फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडलेली असताना, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, जातो. नवी स्टेपनी हौद्याखालच्या जागेत मावते का, तेही मापून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. त्यामुळे बॉडीबाहेर आलेलं चाक म्हणजे नाक्यावर हात दाखवून थांबायचं निमंत्रण. बदल करण्याआधी विमावाल्यांना ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या. ही झंझट नको असेल तर कंपनीने त्याच गाडीला दिलेल्या मापातच राहा आणि फक्त टायरची जात बदला; भाच्याने शेवटी हेच केलं.

खरेदीच्या दिवशी टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षाच्या वर जुना असेल तर मी दुसरा मागते. पाचही एका तारखेच्या आसपासचे. बिल पक्कं, २२ सप्टेंबर २०२५ पासून या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुन्या भावपत्रकावर घासाघीस करू नका. आणि पाचही टायर चढवण्याआधी पुढचं एकच चाक बसवून घ्या: स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, रिव्हर्समध्येही, आणि एकदा चाक फूटपाथच्या कडेवर चढवून. घासलं तर परत घेणार, हे पैसे देण्याआधी बोलून ठेवा.

बसवताना नट हाताने सुरू करून घ्या, समोरासमोरचे आवळा, आणि शेवटचा आवळा टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. हवेची बंदूक लावून धडाधड आवळणाऱ्या पोराला थांबवा. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. अलाइनमेंट त्याच दिवशी, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ला जातो.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो, पण तो मूळ टायरचा. नव्यासाठी तिथून सुरुवात करून खडू वापरा. टायरच्या नक्षीवर आडवी जाड पांढरी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कोरड्या डांबरावर पन्नास-साठ पावलं सरळ गाडी न्यायची आणि उतरून बघायचं. रेघ फक्त मध्यभागी पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांनी पुसली तर कमी. दोन-दोन पीएसआय कमीजास्त करत जायचं. रेघ सगळीकडून सारखी फिकी झाली की तो आपला आकडा. एकदा रिकाम्या गाडीत आणि एकदा ट्रे भरून करा, दोन्ही आकडे दाराच्या आत लिहून ठेवा. माझे मी सकाळी थंड टायरवर काढले, नर्सरीच्या फाटकासमोर, मुलीचा शाळेचा खडू घेऊन.