कुत्र्याला जीवनसत्त्वांची पूरके सुरू करण्यापूर्वी

कुत्र्याला टॉनिक द्यावे की नाही हे ठरवण्याआधी तो काय खातो, ते आठवडाभर लिहून काढावे. गोव्यातील बऱ्याच घरांत त्याच्या वाट्याला शीत, म्हणजे भात, आणि बांगड्याची डोकी येतात; त्याने पोट भरते, पण एवढ्यावरच वाढणाऱ्या कुत्र्याला काही घटक कमी पडू शकतात. याउलट, संपूर्ण आहार म्हणून विकले जाणारे तयार खाद्य खाणाऱ्या निरोगी कुत्र्याला वरून काहीच लागत नाही. क जीवनसत्त्व तर त्याचे यकृत स्वतःच तयार करते.

खरी भीती ड जीवनसत्त्वाची आहे. ब आणि क पाण्यात विरघळतात, त्यामुळे जास्तीचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. अ आणि ड मात्र मेदात विरघळून शरीरात साचत राहतात. माणसांना आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात ती ड जीवनसत्त्वाची ६०,००० आययूची (आययू म्हणजे जीवनसत्त्व मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) पुडी घरोघरी टेबलावर पडलेली असते. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे सुमारे ४,००० आययूपासून गंभीर लक्षणे दिसू शकतात, आणि १० किलोच्या कुत्र्याने एक पुडी चाटली तर हे प्रमाण ६,००० वर जाते. रक्तातील कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, तहान आणि लघवी वाढते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणूनच कॉडलिव्हर तेल आणि मल्टिव्हिटॅमिन एकत्र देण्यापूर्वी दोन्हींच्या लेबलावरील अ आणि ड यांची बेरीज करावी.

माणसांच्या चघळण्याच्या गोळ्या देऊच नयेत, कारण त्यांतील काहींत झायलिटॉल हा गोडवा असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते.

लॅब्राडोरसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लांना हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियम पाजण्याची सवय फार रुळली आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही, आणि त्यामुळे हाडांची वाढच बिघडते.

एका पावसाळ्यात आमच्या कुत्रीच्या हिरड्या फिकट पडल्या, तेव्हा अशक्तपणा समजून मी तिला दहा दिवस लोहाचे सिरप पाजले. रक्त तपासल्यावर गोचिडांमुळे होणारा ताप निघाला. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की हिरड्या फिकट दिसल्या, तर बाटली उघडण्याआधी रक्ततपासणी करावी.

पशुवैद्यांनी पूरक सुचवलेच, तर कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे, मग एकट्याचे वजन त्यातून वजा करावे आणि मात्रा त्या आकड्यावर ठरवून घ्यावी. कुत्र्याने चुकून पुडी खाल्ली असेल, तर मीठ पाजून उलटी काढण्याच्या फंदात पडू नये. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा, आणि जाताना फाटके पाकीट बरोबर न्यावे, कारण किती मात्रा पोटात गेली हे त्यांना त्यावरूनच कळेल.