दुखता तेन्ना दुखता

फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी जुनाट दुखण्यावरच्या एका अभ्यासात संशोधन साहाय्यक म्हणून लागले, तेव्हा डोळ्यांपुढे मेंदूचे स्कॅन होते. प्रत्यक्षात पहिले आठ महिने गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या घरांच्या ओट्यांवर प्रश्नावल्या भरून घेण्यात गेले. या क्षेत्रात येणाऱ्या मुलामुलींना मी आधी हेच सांगते. हे काम मुख्यतः विचारण्याचं आहे, आणि विचारता येणं सोपं नाही.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. वाळपईजवळच्या एका आजींना विचारलं, "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. आज कंबर किती दुखते?" त्या कोकणीत म्हणाल्या, "दुखता तेन्ना दुखता." म्हणजे दुखतं तेव्हा दुखतं. मी पुन्हा विचारलं. "बाय, तूंच बरय कितें तें." म्हणजे तूच लिही काय ते. मी पाच लिहिलं. संध्याकाळी आमच्या मॅडमनी फॉर्म चाळले तर बारापैकी नऊ जणांचा आकडा पाच! दिवसभराचे सगळे फॉर्म बाद झाले. बोलणी खाल्ली ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी आकडा शेवटी ठेवला आणि आधी विचारलं, कसं दुखतं? मग आजी सुटल्याच. ठणका, चमक, कळ, रग, आणि रात्री पायाला मुंग्या येऊन आग होते ती निराळी. हे शब्द नुसतं वर्णन नव्हे. आग, झिणझिण्या, विजेसारखा झटका, बधिरपणा असं कानी आलं की नसेच्या दुखण्याचा संशय घ्यायचा. डीएन४ या चाचणीत अशा दहा मुद्द्यांपैकी चार जुळले तर तो बळावतो. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांची दुखणं मोजायची १९७५ची मॅकगिल प्रश्नावलीही शब्दांच्या गटांवरच उभी आहे. पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ साली 'गेट कंट्रोल' सिद्धांत (दुखण्याचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतल्या जणू एका फाटकाशी अडवले जाऊ शकतात, हा) मांडणारे तेच हे मेलझॅक. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं, ते का, हे त्या सिद्धांतातून समजून घ्या.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं ते जुनाट, ही व्याख्या पाठ होईलच. पचायला जड जाते ती गोष्ट वेगळी. मणक्याच्या स्कॅनमध्ये दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. २०१५च्या एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज आढळली होती. उलट रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणून घरच्यांनी ढोंगी ठरवलेल्या बायका तुम्हाला भेटतील. तिथे लगेच प्रश्नावली काढू नका. चहा घ्या.

आणखी एक फसगत आकडेवारीतली. माणूस अभ्यासात येतो तो दुखणं अगदी टिपेला असताना. पुढे ते थोडं उतरणारच, औषध द्या वा न द्या. तुलनेचा गट नसेल तर ते श्रेय उपचाराला जातं. म्हणून संख्याशास्त्राला घाबरून पळू नका. मी पळाले होते, दोन वर्षं फुकट गेली.

प्रवेशाचं म्हणाल तर फिजिओ, नर्सिंग, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, कुठूनही येता येतं. जीसीपीचं, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या नीट कशा करायच्या त्या नियमांचं, प्रशिक्षण आधी घ्या. उपचाराच्या चाचणीच्या (क्लिनिकल ट्रायलच्या) कामावर रुजू होण्यापूर्वी तिची सीटीआरआयवर, म्हणजे अशा चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीत, नोंद आहे का, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, ते बघा. सही न येणाऱ्याचा संमतीपत्रावर अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो, घाईत तोच राहून जातो.

आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात भेटी ठरवू नका. आजींनी तेव्हा दोन सांगितले होते, नातवंडं घरात होती. पंधरा दिवसांनी गेले तर त्या आठ म्हणाल्या. दोन्ही आकडे खरे होते.